खासदारबाईंचं एक्केचाळिसावं भांडं

वेंडेल क्राउसने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासली, आणि त्या एका सत्कृत्यापायी लिंडालची खासदारकी जाता जाता राहिली.

हेतू चांगला होता. वेंडेलचा हेतू नेहमीच चांगला असतो. चाळीस वर्षं त्याने गावात खिळे-रंगाचं दुकान चालवलं, आणि गावातल्या ज्या ज्या भिंतीचा रंग पोपडे धरून गळून पडला, तिच्या मालकाला त्याने चांगल्या हेतूनेच सांगितलेलं होतं, "हा घे, हा जास्त टिकतो." दुकान विकल्यावर हेतू तेवढा शिल्लक राहिला, तो त्याने मार्लिस ट्वेटच्या प्रचाराला वाहिला. तिच्या नावाच्या पाट्या अंगणाअंगणात रोवायच्या, तिला आपल्या पिकअपमधून गावोगाव हिंडवायचं, सभेनंतर खुर्च्या आवरायच्या, ही त्याची कामं. भांडी त्यात नव्हती.

त्या संध्याकाळी बंबखान्याच्या हॉलमध्ये प्रचाराचं जेवण होतं. जेवण म्हणजे ज्याने त्याने घरून करून आणायचं, लांब टेबलावर मांडायचं, आणि दुसऱ्याचं चांगलं झालंय हे कबूल न करता दोनदा वाढून घ्यायचं. एक्केचाळीस भांडी आली. त्यातल्या एकोणतीस भांड्यांत हॉटडिश होती, म्हणजे तळाला खिमा, त्यावर मशरूमच्या सूपचा डबा ओतलेला आणि सगळ्यावर बटाट्याच्या गोळ्यांचं छप्पर. अकरांत गोड वड्या. आणि मार्लिसने दुकानातले पाव आणले होते. प्लास्टिकमधून काढून भांड्यात ओळीने रचलेले, वर चांदीचा कागद. त्याने कोणीही फसलं नव्हतं.

पावणेसहाला साखर कारखान्याचा निरोप आला. पावसाचा अंदाज होता, म्हणून साखरेचं बीट घ्यायला वजनकाटे उद्याऐवजी आत्ताच उघडत होते. पाच मिनिटांत हॉल रिकामा. पुरुष ट्रॅक्टरकडे पळाले, बायका ट्रककडे. बीटचे ट्रक बायकाच चांगले चालवतात, हे लिंडालचे पुरुष कधी मान्य करत नाहीत. किल्ल्या मात्र न मागता देतात. "भांडी राहू देत गं, शनिवारी नेऊ," म्हणत सगळ्या गेल्या. मार्लिसही गेली. खासदार असली तरी बहिणीच्या शेतावरचा एक ट्रक तिच्याकडे असायचाच.

मागे राहिला वेंडेल आणि त्याचा हेतू.

हॉलच्या स्वयंपाकघरात बंबवाल्यांनी एक दांडगं भांडी धुण्याचं यंत्र घेऊन ठेवलंय. वेंडेलने त्यावरची सूचना वाचली नाही, कारण सूचना खिळे-रंगवाल्या माणसासाठी नसतात. सगळ्यात गरम पाण्याचं बटण दाबलं. अर्ध्या तासात एक्केचाळीस भांडी आरशासारखी लखलखीत झाली, आणि मोरीच्या तोंडाशी उंदराएवढा एक करडा चिकट गोळा येऊन बसला.

तो गोळा म्हणजे लिंडालच्या बायकांची नावं होती.

इथे प्रत्येक घरात भांडं एकच, नऊ इंच बाय तेरा इंच, आणि त्याला म्हणतातही 'नऊ बाय तेरा'च. त्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. पट्टी नसली तर कोणाचं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, कारण गावातली झाडून सगळी नऊ बाय तेरा वेंडेलच्याच दुकानातून गेलेली. त्याने एकच माप आणि एकच कंपनी ठेवली होती. गिऱ्हाइकाला निवडीचा घोळ नको, हाही हेतू चांगलाच.

आता कोणी म्हणेल, भांडं ते भांडं, कुठलंही उचला. असं म्हणणारा माणूस लिंडालमध्ये मतं मागू शकत नाही. नऊ बाय तेरा हा इथला खरा पत्रव्यवहार आहे. कोणाकडे बाळ झालं, कोणाचा गुडघा बदलला, कोणी गेलं, की बोलायचं काही नसतं. हॉटडिश भरून भांडं नेऊन द्यायचं. आणि ज्याच्याकडे गेलं त्याने ते परत करताना आत काहीतरी घालून करायचं. रिकामं नऊ बाय तेरा परत करणाऱ्याला लिंडालमध्ये कोणी काही बोलत नाही. नुसतं बोलत नाही, वीस-पंचवीस वर्षं.

गेल्या खेपेला मार्लिस एकशे अठरा मतांनी निवडून आली होती. मतदारसंघ म्हणाल तर इतका लांबरुंद, की एका टोकाला हिमवादळ आणि दुसऱ्या टोकाला लोक अंगणात मांस भाजत बसलेले. पण बाकीकडची मतं आजोबांच्या काळापासून ठरलेली असतात. हलतात ती फक्त लिंडाल आणि भोवतालच्या चार-पाच गावांतली. वेंडेल हॉलमध्ये खुर्चीवर बसला. एक्केचाळीस भांडी, दर घरी अडीच मतं, शिवाय प्रत्येकीची एक बहीण, एक जाऊ आणि टेलिफोन. एकशे अठराचा डोंगर मोरीतून वाहून जाताना त्याला स्वच्छ दिसला.

मार्लिसला सांगण्याआधी प्रकरण गुपचूप मिटवावं, असा चांगला विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंदाजाने तीन भांडी घेऊन निघाला. पहिलं घर वर्ना किटल्सनचं. वर्नाताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या.

"वर्नाताई, तुमचं भांडं आणलं."

वर्नाताईंनी भांडं उलटं केलं. बूड पाहिलं. मग वेंडेलकडे पाहिलं. मग पुन्हा बूड.

"हे जरा वेगळंच आहे," त्या म्हणाल्या.

लिंडालमध्ये एखाद्याच्या स्वयंपाकाला, सुनेला किंवा चर्चच्या नव्या पाळकाला 'वेगळंच आहे' म्हटलं, की त्यापुढे शिवी उरत नाही.

"तुमचं नाही का?"

"असं कुठे म्हणाले मी? चालेल की. माझं होतं त्याला जरा वजन होतं. पण आता या वयात हलकंच बरं, नाही का."

"दुसरं बघतो ना मी."

"अरे, कशाला त्रास! उगाच. कॉफी घेतोस?"

"नको, निघतो."

"घे की थोडी."

"नको, खरंच."

"अर्धा कप."

"बरं, अर्धा."

कारण तिसऱ्यांदा विचारेपर्यंत हो म्हणायचं नसतं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर नाही म्हणायचं नसतं. एवढी राज्यघटना पाळली की लिंडालमध्ये माणूस सभ्य ठरतो. उरलेल्या दोन्ही घरांनीही भांडी हसून ठेवून घेतली, दोन्हीकडे अर्धा अर्धा कप कॉफी झाली, आणि वेंडेल घरी पोचायच्या आत मार्लिस त्याच्या पायरीवर उभी होती.

"किती धुतलीस?"

"एक्केचाळीस."

"आणि पट्ट्या सगळ्यांच्या गेल्या?"

"एकीची राहिली होती. फार चिवट होती." वेंडेलने प्रामाणिकपणे सांगितलं, "ती मी नखाने खरवडून काढली. एक-दोनच अक्षरं उरली होती, बरं दिसेना."

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिची सगळी कारकीर्द त्या पाहण्यावर उभी आहे.

पाच बहिणींतली ही चौथी. आईबापांनी पाचही वेळा मुलाची वाट पाहिली आणि चौथ्या खेपेला कंटाळून हिलाच ट्रॅक्टरवर बसवलं. लिंडालमध्ये सरळ बोलणं हा आजार समजतात; मार्लिसला तो जन्मापासून होता आणि त्यावर कुठलंही औषध लागू पडलं नाही. लग्न केलं ते आयनार ट्वेटशी. आयनार विजेची कामं करतो आणि दिवसाला अकरा शब्द बोलतो, त्यामुळे त्या घरात एकूण सरासरी बरोबर बसते. मग एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, सात नंबरची. दोन पिढ्या तिच्या बसमधून गेल्या. प्रचाराची फिल्म करायला राजधानीहून लोक आले, तेव्हा त्यांना हवी होती हिमवादळात पोरांना वाचवल्याची गोष्ट. मार्लिस म्हणाली, वादळात मी बस काढतच नव्हते, मी काय वेडी आहे? खरी गोष्ट त्यांनी फिल्ममध्ये घेतली नाही. ती अशी, की एका पोराने सफरचंदाचा गाभा खिडकीतून फेकला म्हणून तिने भरलेली बस सहा मैल मागे नेली, त्याला खाली उतरवून तो शोधायला लावला, आणि तेवढा वेळ डोक्यावरच्या आरशातून बाकीच्या बत्तीस जणांकडे नुसतं पाहिलं. ते बत्तीस जण आता पन्नाशीचे आहेत. अजून गाडीच्या खिडकीतून काही फेकत नाहीत.

खासदार ती पुलापायी झाली. नदीवरचा जुना पूल बंद पडला आणि बसला एकोणीस मैलांचा वळसा पडायला लागला. सव्वीस वर्षं निवडून येत असलेले एक गृहस्थ तेव्हा खासदार होते. ते सभेला आले, प्रश्नाचा अभ्यास चालू आहे म्हणाले. मार्लिस उठली आणि म्हणाली, "पूल कधी?" त्यांनी समितीविषयी सांगितलं. ती म्हणाली, "पूल कधी?" त्यांनी आपल्या आजोबांच्या शेतीविषयी सांगितलं. असं नऊ वेळा झालं. नवव्यांदा ते गृहस्थ घाम पुसत खाली बसले. गावाला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की घरी जाताना एक-दोघं तिला "वाईट नव्हतं" असं म्हणाले. मनातलं दुसऱ्याने परस्पर बोलून टाकावं, यासारखी सोय नाही. ही सोय कायमची व्हावी म्हणून त्यांनी तिला राजधानीत पाठवून दिलं.

तिथे पहिल्याच महिन्यात एका समितीचे अध्यक्ष वेळ संपल्यावरही भाषण सोडेनात, तर ती म्हणाली, "बसा आता खाली." ते बसले. पूल झाला. लोक त्यावरून जातात आणि म्हणतात, जरा रुंद झाला.

तर मार्लिसने वेंडेलकडे त्या आरशातल्या नजरेने पाहिलं आणि म्हणाली, "ती तीन भांडी परत आण."

"त्यांना काय सांगू?"

"गाढवपणा केला म्हणून सांग."

"असं सरळ?"

"वाकडं करून सांगितलंस तर खोटं वाटेल."

तिन्ही भांडी परत आली, अर्थातच रिकामी नाही. वर्नाताईंनी लिंबाच्या वड्या घातल्या होत्या.

शुक्रवारी पाऊस झाला, शेतं चिखलाने भरली, काढणी थांबली. त्यामुळे शनिवारी बंबखान्याच्या पॅनकेकच्या नाश्त्याला गाव लोटलं. मार्लिसने एक्केचाळीस भांडी तीन टेबलांवर मांडली आणि बंबवाल्यांकडून पॅनकेक घेऊन प्रत्येकात तीन-तीन ठेवले, रिकामी जायला नकोत म्हणून. मग खुर्चीवर चढली.

"वेंडेलने पट्ट्या धुऊन टाकल्या. आपापलं ओळखा आणि न्या."

भाषण संपलं. कोणीही हललं नाही.

हलणार कसं? पहिल्यांदा पुढे होणं म्हणजे हावरटपणा. चांगलं दिसणारं उचललं तर दुसरीचं ढापलं, आणि वाईट दिसणारं उचललं तर माझं भांडं असं का, हा प्रश्न चारचौघांत. सगळ्याजणी टेबलांपासून दहा हातांवर उभ्या राहून हवामानाविषयी बोलायला लागल्या. "तू घे ना गं आधी." "छे, तू घे, मला कुठे घाई आहे." "मी तर बघायलाच आले होते." पॅनकेक गार झाले. वेंडेल कोपऱ्यात उभा राहून मतं वजा करत होता.

"सात नंबर!" मार्लिस ओरडली.

तो आवाज तिने सहा वर्षांत काढला नव्हता. हॉलमध्ये कपबशा थांबल्या.

"रांग! बसमध्ये ज्या थांब्याला चढत होतात त्याच क्रमाने! ढकलाढकल नाही! सोन्या, च्युइंगगम थुंक."

सोन्या हौगेन बँकेची व्यवस्थापक आहे, वय एकावन्न. तिने च्युइंगगम थुंकलं. आणि पाहता पाहता रांग लागली. नदीकाठचा पहिला थांबा, मग गिरणी, मग कॅथलिक स्मशानाचं वळण. ज्या सासवा बसमध्ये कधी बसल्या नव्हत्या, त्या आपापल्या सुनांच्या थांब्यावर उभ्या राहिल्या. क्रम लावून दिल्यावर हावरटपणाचा प्रश्न उरला नाही. बाईंनी सांगितलं म्हणून घेतलं. आणि मग कळलं, की प्रत्येकीला आपलं भांडं पहिल्यापासून ओळखता येत होतं. कुणाला चरा ठाऊक, कुणाला कडेचा डाग, वर्नाताईंनी तर दोन भांडी हातात तोलली आणि तिसरं उचललं. पट्ट्या चाळीस वर्षं लावल्या होत्या त्या केवळ नवऱ्यांच्या माहितीसाठी.

चाळीस गेली. एक राहिलं.

वेंडेलने हॉलभर विचारलं. "कोणाचं राहिलंय?" सगळ्याजणी आपापलं भांडं छातीशी धरून माना हलवत होत्या. मार्लिस रिकामी टेबलं पुसत होती. एकच टेबल ती फार वेळ पुसत होती.

"कोणीतरी रागावून आलंच नाही," वेंडेल तिला म्हणाला. "एक घर गेलं आपलं."

"टाक गाडीत," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे ते भांडं पिकअपमध्ये दोघांच्या मध्ये बसून मतदारसंघात हिंडलं. वेंडेलने मनाशी पक्कं केलं होतं, की या भांड्याची मालकीण सापडली तर जागा राहील, नाहीतर नाही. दर घरी तो दार वाजवायचा, मार्लिस मागे उभी, आणि तो भांडं पुढे करून विचारायचा, "तुमचं नाही ना हे?" घरात बाई नसली तर नवरा बुडाकडे बघून म्हणायचा, "असेल. नसेलही." बाई असली तर म्हणायची, "माझं नाही, पण ठेवून जायचं असेल तर माझी काही हरकत नाही." मग कॉफी, नको, घे की, अर्धा कप. अर्ध्या कपात अर्धा तास जायचा, आणि अर्ध्या तासात लोक, बाकी काही विषय नाही म्हणून, खरं ते बोलून जायचे. इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद होतोय. टपाल आठवड्यातून तीनदाच येतं. मुलगा शेत घेईन म्हणतो, पण सून म्हणत नाही. मार्लिस भांडं मांडीवर घेऊन ऐकायची.

"बाळंतपणाचा विभाग राहील का हो, ट्वेटबाई?"

"नाही राहणार. मी भांडले, हरले. रुग्णगाडी मिळतेय का बघते."

"आणि टपाल?"

"टपाल मी आणीन. मार्चपर्यंत."

राजधानीतल्या पक्षाच्या सल्लागाराचा फोन आला. भांडं घेऊन दारोदार जायचं हे धोरण फार म्हणजे फारच उत्तम आहे, इतर मतदारसंघांतही राबवायचा विचार आहे, म्हणाला. मार्लिस म्हणाली, "हे धोरण नाही, भांडं आहे," आणि फोन ठेवला.

निवडणुकीत समोरून ग्रेडी व्हॅनहॉर्न उभा होता. तो तळ्याकाठचे प्लॉट विकतो, तेही शहरातल्या लोकांना. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो नव्या चौकड्यांच्या शर्टात ट्रॅक्टरला टेकून उभा असायचा. शर्टाच्या घड्या तशाच होत्या, आणि ट्रॅक्टर कोणाचा होता हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. मालक पाचव्या रस्त्यावर राहतो. भांड्यांचं प्रकरण कळल्यावर ग्रेडीने नवी जाहिरात काढली. "ज्यांना तुमचं भांडं सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती देश?" वर दबक्या आवाजात असंही पसरवलं, की खासदारबाईंना साधी हॉटडिश करता येत नाही, सभेला दुकानातले पाव आणतात.

"हे पाव प्रकरण भोवणार," वेंडेल गाडी चालवता चालवता म्हणाला. "जाहिरात करून टाकू का? तू ओव्हनपाशी उभी, ॲप्रन बांधून—"

"मला येत नाही स्वयंपाक. लोकांना माहितेय."

"अगं, नुसतं उभं राहायचं. आर्डेल असती तर तिने मागून करून दिली असती."

आर्डेल म्हणजे वेंडेलची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं नाव निघालं की वेंडेल उगाच वायपर सुरू करायचा, पाऊस असो नसो. त्याने वायपर सुरू केले. मार्लिसने भांडं या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. एरवी जिला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतं, ती पुढचे सात मैल काही बोलली नाही. वेंडेलला वाटलं, पावांचं लागलं.

नोव्हेंबरात मतदान झालं. मोजणी पहाटेपर्यंत चालली. वेंडेलने ती ऐकली नाही. तो साडेआठला झोपतो आणि लोकशाहीसाठी त्यात बदल करत नाही. सकाळी रेडिओने सांगितलं, की मार्लिस ट्वेट दोनशे तीन मतांनी आल्या. वेंडेलने दोन्ही हात वर केले, मग शेजारचा बघतोय हे पाहून केस नीट केल्यासारखं केलं. नाक्यावरच्या कॅफेत लोक म्हणत होते, "वाईट नाही." कोणी जल्लोष केला नाही. केला असता तर घाबरून डॉक्टरला बोलावलं असतं.

पण त्याच्या मनात एक सल होताच. गाडीतलं भांडं. मालकीण सापडली नव्हती, आणि जागा तर राहिली होती. म्हणजे त्याच्या हिशेबात कुठेतरी गडबड होती. तो ते घरात आणायला गेला, तर सीटवर भांडं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या वेळेला मार्लिस स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. ओव्हनचे जाड हातमोजे घालून. हातात तेच भांडं, वर चांदीचा कागद.

"तूच नेलंस होय! सापडली का मालकीण?"

"सापडली." तिने भांडं टेबलावर ठेवलं. "बस. खा."

वेंडेलने कागद काढला. हॉटडिश होती, असं म्हणायला हरकत नाही. बटाट्याच्या गोळ्यांचं छप्पर एका बाजूने कोळसा झालं होतं आणि दुसऱ्या बाजूने बर्फातून नुकतं काढल्यासारखं पांढरं होतं. मध्ये कुठेतरी नकाशातल्यासारखी एक तपकिरी सीमारेषा. आणि डावीकडच्या पुढच्या कोपऱ्यात सूप उतू जाऊन कडेवर करपलेलं.

वेंडेलचा चमचा थांबला.

तो कोपरा जरासा आत दबलेला होता. भरलेल्या भांड्यात कळतो, रिकाम्यात नाही. तिथून सूप नेहमीच उतू जातं आणि करपतं. खूप वर्षांपूर्वी, पंक्चर काढताना चाकाला अडण म्हणून त्याने घाईत स्वयंपाकघरातून जे हाताला लागलं ते उचललं होतं. आर्डेल चार दिवस बोलली नव्हती. पाचव्या दिवशी हॉटडिश केली, करपलेला कोपरा त्याच्या ताटात वाढला आणि म्हणाली, हा आता कायम तुझा. आणि तो कायम त्याचा झाला. त्याला आवडायलाही लागला, हे त्याने तिला कधी सांगितलं नाही.

तीन आठवडे त्याने हे भांडं साठ घरांत उलटं करून दाखवलं होतं. चाळीस वर्षं त्याने ते फक्त वरून पाहिलेलं होतं, आणि तेही भरलेलं. बुडाची बाजू आर्डेलकडे असायची.

"आयनारचा गुडघा बदलला तेव्हा आर्डेलने यातून हॉटडिश आणून दिली होती," मार्लिस म्हणाली. "त्यानंतर दोन महिन्यांनी ती गेली. जेवणाच्या दिवशी मी पाव त्यातच आणले होते. आणि ती जी एक पट्टी निघत नव्हती ना, चिवट, ती तिची होती."

वेंडेलने आपल्या नखाकडे पाहिलं. मग त्याला बाकीचं सुचलं आणि तो उसळला.

"म्हणजे तुला ठाऊक होतं! बंबखान्यात टेबल पुसत बसलीस! साठ घरं, मार्लिस! वर्नाताईंकडे तर दोनदा गेलो! मांडीवर घेऊन बसायचीस आणि एक अक्षर बोलली नाहीस. तू! अध्यक्षाला खाली बसवणारी तू!"

मार्लिस सिंकच्या वरच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली, जशा वर्नाताई बघतात, जशी सगळी लिंडालची माणसं बघतात. तिचा एक हातमोजा अजून हातातच होता आणि अंगठ्यापाशी जळलेला होता.

वेंडेलने करपलेला कोपरा चमच्याने तोडला आणि तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिला. चावण्यासारखं त्यात बरंच होतं. मग जरा नरमून म्हणाला, "तीन वर्षं होतं तुझ्याकडे. मी काही खाणार होतो का तुला? आधीच का नाही आणून दिलंस?"

"रिकामं देता येत नाही, आणि मला स्वयंपाक येत नाही."